लहान तुताऱ्या आणि स्टिंट ओळखायचे कसे: आधी अंगकाठी, मग वय, रंग सर्वांत शेवटी

ओहोटीच्या चिखलावर दोनशे करडे-तपकिरी पक्षी धावत असतात आणि पहिल्या नजरेत सगळे एकाच जातीचे वाटतात. त्यांतल्या तुताऱ्या म्हणजे चिखलात, पाणकाठी चरणारे सँडपायपर, आणि त्यांच्यातले सर्वांत चिमुकले ते स्टिंट. पुस्तकातले चित्र उघडून रंग जुळवायला लागलात की गोंधळ वाढतो, कारण चित्रात पिसाऱ्याची एकच अवस्था असते. या पक्ष्यांची पिसे मात्र वर्षातून दोनदा बदलतात. वसंतात काही पिसे बदलून विणीचा तांबूस-काळा पिसारा येतो, विणीनंतर सगळी पिसे टप्प्याटप्प्याने झडून थंडीचा करडा पिसारा येतो, आणि त्या वर्षीच्या पिल्लांचा पिसारा या दोन्हींहून वेगळा असतो. मधल्या आठवड्यांत अर्धी पिसे जुनी, अर्धी नवी. एकाच थव्यात एकाच प्रजातीचे चार वेगळे दिसणारे पक्षी सहज सापडतात.

म्हणून क्रम उलटा ठेवावा. आधी वागणूक आणि अंगकाठी, मग वय, मग पिसांवरच्या खुणा. रंगावरून सुरुवात करणाऱ्याची चूक पहिल्या मिनिटातच होते आणि पुढचा सगळा वेळ ती चूक पक्की करण्यात जातो.

जागा, वेळ आणि प्रकाश

खाडीकाठी किंवा किनाऱ्यावर भरतीचे वेळापत्रक पाहून जा. पूर्ण ओहोटीत पक्षी दूरवर विखुरलेले असतात आणि चांगल्या दुर्बिणीतूनही ठिपकेच दिसतात. भरती पूर्ण होण्याच्या साधारण दोन तास आधी पोहोचलात, तर पाणी चढताना चिखलपट्टा अरुंद होत जातो आणि पक्षी आपोआप तुमच्या बाजूला सरकतात. भरतीची वेळ रोज साधारण 50 मिनिटांनी पुढे जाते. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात चिखल पूर्ण बुडतो आणि पक्षी मिठागर, बांध किंवा उंच वाळूच्या पट्टीवर विसाव्याला दाटीने उभे राहतात. मोजणीला ही वेळ उत्तम, पण ओळखीला थोडी गैरसोयीची, कारण पक्षी एका पायावर, चोच पिसांत खुपसून झोपलेले असतात. अष्टमीच्या आसपास, भांगाच्या भरतीत, चिखलाचा काही भाग उघडा राहतो आणि चरणारे पक्षी निवांत पाहता येतात.

सूर्य पाठीशी हवा. उजेड समोरून आला की सगळे पाय काळे, सगळ्या चोची काळ्या आणि सगळ्या पाठी गडद दिसतात. सकाळी नऊ-दहानंतर ओल्या चिखलावरची हवा तापून थरथरू लागते. मग टेलिस्कोपचे वर्धन वाढवून उपयोग होत नाही, थरथरही तितकीच वाढते. 25 ते 30 पटीवर थांबा किंवा जवळचे पक्षी पाहा.

साधनांत 8×42 किंवा 10×42 ची दुर्बीण आणि शक्य असेल तर 20–60 पटीचा टेलिस्कोप, सोबत न हलणारा ट्रायपॉड. हलक्या ट्रायपॉडवर वाऱ्यात भुवईची (डोळ्यावरची फिकट) रेघसुद्धा नीट दिसत नाही. ट्रायपॉडचे मधले दांडके वर न काढता, पाय पसरून, बसून पाहिले की प्रतिमा बरीच स्थिर होते. बसलेला माणूस पक्ष्यांना कमी घाबरवतो, हा वरचा फायदा.

पहिली चाळणी: चरतो कसा?

डोळ्यांनी शिकार करणारा चिखल्या (प्लव्हर) आणि चोचीने चाचपणारी तुतारी, हा पहिला भेद. चिखल्याची चोच आखूड, डोके गोल, डोळा मोठा. तो चार-सहा पावले पळतो, थबकतो, वाकून टिपतो, पुन्हा पळतो. स्टिंट, डनलिन, कर्ल्यू सँडपायपर ही मंडळी मान खाली घालून सलग चरत राहतात. त्यांच्या चोचीच्या टोकाशी स्पर्श जाणणाऱ्या मज्जातंतूंची दाटी असते, त्यामुळे चिखलात न दिसणारा किडाही त्यांना कळतो.

हा फरक शंभर मीटरवरूनही दिसतो, आणि रंग न पाहता थव्याचे दोन भाग पडतात.

तुतारींमध्येही चाल वेगळी. कॉमन सँडपायपर एकटा, दगडावर किंवा काठावर, शेपटीकडचा भाग सतत वरखाली हलवत असतो. वुड आणि ग्रीन सँडपायपर गोड्या पाण्याच्या काठाने सावकाश पावले टाकत टिपतात. लिटल स्टिंट घाईत असतो, इकडे टिप, तिकडे टिप, मध्येच धाव. टेमिंक्स स्टिंट मात्र पाय मुडपून, अंग आडवे ठेवून, गवताच्या कडेने हळूहळू सरपटल्यासारखा चरतो. सँडर्लिंग लाटेच्या मागे पळतो आणि पुढच्या लाटेआधी परततो. डनलिन आणि कर्ल्यू सँडपायपर चिखलात चोच वारंवार खुपसतात, त्यात कर्ल्यू सँडपायपर बऱ्याचदा पोटापर्यंतच्या पाण्यात उभा राहून डोकेही बुडवतो.

आकार एकट्याने ठरवू नका

लिटल स्टिंट 12 ते 14 सेंमी, डनलिन 16 ते 22, कर्ल्यू सँडपायपर 18 ते 23, वुड सँडपायपर 20 च्या आसपास, ग्रीनशँक 30 ते 35. आकडे पाठ करायला हरकत नाही, पण मोकळ्या चिखलावर एकट्या पक्ष्याचा आकार सांगता येत नाही. शेजारी ओळखीचा पक्षी हवा. केंटिश चिखल्या किंवा धोबी पक्षी चांगली मोजपट्टी ठरतो.

इथे एक भ्रम नेहमी फसवतो. टेलिस्कोप आणि लांब लेन्स अंतर दाबून दाखवतात. पुढचा आणि मागचा पक्षी एकाच रेषेत उभे असल्यासारखे वाटतात आणि मागचा पक्षी असतो त्याहून मोठा भासतो. तुलना करायची तर दोन्ही पक्षी एकाच वेळी फोकसमध्ये आहेत ना, एवढे पाहा. एक धूसर असेल तर अंतर वेगळे आहे, तुलना सोडून द्या.

थंडीने फुगलेला पक्षी गोलमटोल आणि आखूड मानेचा दिसतो, सावध झालेला तोच पक्षी सडपातळ आणि उंच. एकाच पक्ष्याला निदान दोन-तीन मिनिटे पाहिल्याशिवाय अंगकाठीबद्दल मत बनवू नये.

चोच, पाय आणि मागचे टोक

चोचीची लांबी डोक्याशी ताडून पाहा. चोचीच्या मुळापासून डोक्याच्या मागच्या टोकापर्यंत जे अंतर, त्याहून चोच आखूड आहे, तेवढीच आहे की लांब? स्टिंटची चोच आखूड असते, डनलिनची साधारण डोक्याएवढी किंवा थोडी लांब, कर्ल्यू सँडपायपरची स्पष्ट लांब. मग वाक बघा. डनलिनची चोच टोकाकडे किंचित झुकते, कर्ल्यू सँडपायपरची मुळापासून टोकापर्यंत एकसारखी वळलेली असते. ब्रॉड-बिल्ड सँडपायपरची सरळ येऊन टोकाशी एकदम खाली मोडते. टेरेक सँडपायपरची वर वळते. मार्श सँडपायपरची सुईसारखी बारीक आणि सरळ, तर ग्रीनशँकची जाड मुळाची आणि जराशी वर झुकलेली.

पण लांबी हे शेवटचे प्रमाण नव्हे. डनलिनच्या उपजातींत चोचीच्या लांबीचा बराच फरक पडतो, आणि डनलिन, कर्ल्यू सँडपायपर या दोन्हींत मादीची चोच नरापेक्षा लांब असते. लांब चोचीचा डनलिन पाहून कर्ल्यू सँडपायपर नोंदवला जातो तो इथेच. मग पाय आणि कंबर (शेपटीच्या मुळाशी वरचा भाग) तपासा. कर्ल्यू सँडपायपरचे पाय लांब, भुवई ठळक, आणि उडताना कंबर पांढरी. डनलिनच्या कंबरेवर मधोमध गडद पट्टा असतो, पांढरे फक्त कडांना.

पायांचा रंग ही स्टिंटमधली मोठी खूण, आणि सर्वांत जास्त फसवणारीही. काळ्या पायांचे लिटल आणि रेड-नेक्ड, पिवळसर-हिरवट पायांचे टेमिंक्स आणि लाँग-टोड, अशी विभागणी पुस्तकात सोपी दिसते. प्रत्यक्षात ओला काळा चिखल पिवळे पाय काळे करतो, आणि वाळलेला करडा चिखल काळे पाय फिके करतो. पक्षी पाण्यातून बाहेर आल्यावर पाय पाहा. गुडघ्यासारखा दिसणारा सांधा आणि त्याच्या वरचा भाग चिखलापासून जास्त सुटलेला असतो, खरा रंग तिथे कळतो.

तिसरी गोष्ट मागचे टोक, ज्याकडे बहुतेक जण पाहतच नाहीत. पंख मिटल्यावर पाठीमागे दोन थर दिसतात: वरून झाकणारी रुंद, टोकदार आच्छादक पिसे आणि त्यांच्याखालून बाहेर डोकावणारी काळपट उडाणपिसे. ही उडाणपिसे किती बाहेर येतात ते मोजा. लिटल स्टिंटमध्ये ती स्पष्ट बाहेर असतात, लाँग-टोडमध्ये जवळजवळ झाकलेली. टेमिंक्समध्ये शेपटीचे टोक पंखांच्या टोकांच्याही पुढे जाते. फोटो काढताना पक्षी पूर्ण आडवा होईपर्यंत थांबा, नाहीतर हे माप चुकते. आच्छादक पिसे झिजलेली असली तर उडाणपिसे जास्त बाहेर दिसतात, म्हणून हे माप नव्या पिसांच्या पक्ष्यावरच भरवशाचे.

वय ठरवल्याशिवाय पुढे जाऊ नका

ही पायरी वगळली की बाकी सगळी मेहनत वाया जाते.

बहुतेक लहान तुताऱ्या उत्तरेच्या टुंड्रात आणि तैगात जून-जुलैमध्ये वीण करतात. कर्ल्यू सँडपायपरमध्ये नर अंडी उबवत नाही, तो जुलैमध्येच दक्षिणेला निघतो, मागून माद्या आणि शेवटी पिल्ले. दक्षिणेच्या किनाऱ्यांवर जुलै-ऑगस्टमध्ये आलेला तुतारीवर्गीय पक्षी बहुधा प्रौढ असतो, अंगावर विणीच्या पिसांचे झिजलेले, विटलेले अवशेष घेऊन. ऑगस्टअखेर ते ऑक्टोबरपर्यंत पिल्लांची लाट येते.

पिल्लू ओळखायचे कसे? त्याची सगळी पिसे एकाच वेळी उगवलेली असतात, म्हणून पाठीवरचे प्रत्येक पीस ताजे, सारख्या मापाचे, फिकट कडांचे. पाठ नीटनेटकी, खवल्यांच्या ओळी मांडल्यासारखी दिसते. प्रौढाच्या पाठीवर जुनी-नवी पिसे मिसळलेली, कडा झिजलेल्या, नक्षी विस्कळीत. ऑक्टोबरनंतर पिल्लेही करडी पिसे घेऊ लागतात, तरी पंखांवरची काही जुनी फिकट कडांची पिसे काही आठवडे टिकतात.

डिसेंबर-जानेवारीत बहुतेक स्टिंट करडे-पांढरे असतात आणि तेव्हा अंगकाठी, पाय, आवाज यांवरच भिस्त. मार्च-एप्रिलमध्ये तांबूस पिसे उगवू लागतात. लहान चणीच्या आणि मध्यम आकाराच्या काही प्रजातींचे एक वर्षाचे पक्षी पहिला उन्हाळा हिवाळी मुक्कामातच काढतात, म्हणून मे-जूनमधला करडा पक्षी आजारीच असेल असे नाही.

चार स्टिंट, सावकाश

लिटल स्टिंट: काळे पाय, काळी सरळ चोच टोकाकडे बारीक. पिल्लाच्या पाठीवर दोन पांढऱ्या रेघा मिळून स्पष्ट V बनतो, भुवईला वरून फाटा फुटलेला असतो. विणीच्या पिसाऱ्यात चेहरा आणि छातीच्या बाजू तांबूस, पण गळा पांढरा. आवाज आखूड, तीक्ष्ण ‘टिट’.

रेड-नेक्ड स्टिंट: याचेही पाय काळे. चोच जराशी बोथट, पाय तुलनेने आखूड, मागचा भाग लांबुडका, त्यामुळे उभा असताना आडवा वाटतो. विणीच्या पिसाऱ्यात गळ्यासकट चेहरा आणि छातीचा वरचा भाग विटकरी आणि एकसंध, गडद ठिपके त्या तांबूस पट्ट्याच्या खाली पांढऱ्यावर. लिटलमध्ये ठिपके तांबूस भागातच मिसळलेले. पिल्लांत V पुसट. करड्या पिसाऱ्यात लिटल आणि रेड-नेक्ड वेगळे करणे अनुभवी माणसालाही कठीण जाते, उत्तम फोटो नसतील तर नाव देऊ नये. या दोन्हींच्या थव्यात चमच्यासारख्या चोचीचा स्पून-बिल्ड सँडपायपर मिसळू शकतो. त्याला ‘अतिसंकटग्रस्त’ ठरवले आहे, म्हणून पूर्व आणि आग्नेय आशियाच्या किनाऱ्यांवर प्रत्येक काळ्या पायाच्या स्टिंटची चोच समोरूनही पाहावी. बाजूने ती साधी वाटू शकते.

टेमिंक्स स्टिंट: पाठ साधी, करडी-तपकिरी, जवळजवळ बिनठिपक्यांची. छातीवर करड्या रंगाचा पट्टा, खाली स्वच्छ पांढरे, थोडक्यात कॉमन सँडपायपरची लहान प्रत. शेपटीची बाहेरची पिसे पांढरी, उडताना ती दिसतात. दचकला की सरळ वर चढत, ‘टिर्रर्र’ अशी सलग किरकिर करत उडतो. गोड्या पाण्याचा गवताळ काठ त्याला आवडतो. मोकळ्या खाऱ्या चिखलावर तो असेल तर दुसऱ्यांदा तपासा.

लाँग-टोड स्टिंट: पिवळसर पाय, लांब मान, सावध झाला की ताठ उभा. माथा गडद आणि ती गडद छटा कपाळावरून चोचीच्या मुळापर्यंत उतरते. छातीवर बारीक रेघा. खालच्या चोचीचे मूळ फिकट. लांब मधले बोट दिसले तर छान, पण चिखलात ते क्वचितच दिसते.

अमेरिका खंडात हेच कोडे सेमिपामेटेड, वेस्टर्न आणि लीस्ट या तीन तुतारींचे. लीस्टचे पाय पिवळसर, बाकी दोघांचे काळे, आणि त्या दोघांच्या बोटांमध्ये अर्धवट पडदा असतो.

उडताना आणि आवाजात

उडणाऱ्या पक्ष्याकडे तीन जागा: पंखावरची पांढरी पट्टी, कंबर, पंखाखालचा रंग. ग्रीन सँडपायपरचा पंख खालून काळपट, कंबर लख्ख पांढरी, शेपटीवर मोजके जाड पट्टे. वुडचा पंख खालून फिका, शेपटीवर बारीक पट्टे, पाय शेपटीबाहेर येतात. बसलेले असताना वुडची भुवई डोळ्याच्या मागेपर्यंत जाते, ग्रीनची डोळ्यापुढेच संपते. कॉमन सँडपायपर पाण्यालगत, पंख खाली वाकवून, ताठ थरथरत उडतो, आणि बसलेला असताना छातीशेजारून खांद्याकडे पांढरी फाक वर चढलेली दिसते. ग्रीनशँक आणि मार्श सँडपायपर दोघांच्या पाठीवर पांढरी पाचर वर चढते. रेडशँकच्या पंखाची मागची कड रुंद पांढरी, स्पॉटेड रेडशँकला ती नसते. मोठ्या चिखल्यांत ग्रे प्लव्हरची काख काळी, पॅसिफिक गोल्डन प्लव्हरची करडी.

आवाज शिकण्यासाठी एका वेळी चारच घ्या: ग्रीनशँकचे तीन स्पष्ट ‘ट्यू-ट्यू-ट्यू’, स्पॉटेड रेडशँकचे ‘चु-इट’, वुडचे घाईतले ‘चिफ-इफ-इफ’, टेमिंक्सची किरकिर. हे चार पक्के झाले की पक्षी उठताच अर्धे काम होते.

चिखल्यांमधले तीन फसवे प्रसंग

लिटल रिंग्ड प्लव्हरच्या डोळ्याभोवती पिवळे कडे असते आणि उडताना पंखावर पट्टी दिसत नाही. कॉमन रिंग्डला कडे नाही, पट्टी आहे. केंटिशच्या मानेमागे पांढरी पट्टी असते, छातीचा पट्टा मधोमध तुटलेला. सँड प्लव्हरना ही मानेची पांढरी पट्टी नसते, थंडीत केंटिशपासून वेगळे करायला एवढे पुरते.

लेसर आणि ग्रेटर सँड प्लव्हर यांच्यात चोच मोजा. चोचीच्या मुळापासून डोळ्याच्या मागच्या कडेपर्यंतचे अंतर घ्या. ग्रेटरची चोच त्याहून लांब, लेसरची तेवढी किंवा आखूड. ग्रेटरचे पाय लांब, फिके हिरवट-पिवळे, उडताना शेपटीबाहेर येतात. माप बाजूने काढलेल्या फोटोवरच घ्या, मान किंचित वळली तरी उत्तर उलटते.

आणि रफ. तो तुतारीवर्गीयच, पण नर मादीपेक्षा एवढा मोठा की दोन प्रजाती वाटतात, आणि पायांचा रंग हिरवटापासून नारिंगीपर्यंत काहीही. न ओळखता येणारा मध्यम आकाराचा तुतारी दिसला, डोके लहान, मान लांब, पाठ खवलेदार असेल, तर आधी रफ आहे का ते तपासा. उडताना शेपटीच्या दोन्ही बाजूंना पांढरे लंबगोल दिसतात.

फोटो आणि नोंद

पांढऱ्या पोटाचा पक्षी काळ्या चिखलावर असला की कॅमेरा उजेड वाढवतो आणि खुणा पांढऱ्यात बुडतात. एक्सपोजर अर्धा ते एक स्टॉप कमी ठेवा. एका पक्ष्याचे पाच प्रकारचे फोटो घ्या: पूर्ण बाजूने, समोरून, पाठ, पाय पाण्याबाहेर, आणि पंख उघडलेले. पक्षी पंख ताणतो किंवा अंग झाडतो तो क्षण सर्वांत मोलाचा, म्हणून बोट शटरवरच असू द्या.

पायात रंगीत कडी किंवा झेंडी दिसली तर रंग, अक्षरे, डावा की उजवा पाय (पक्ष्याचा डावा, तुमचा नव्हे), सांध्याच्या वर की खाली, सगळे लगेच लिहा. अशा खुणांवरूनच प्रवासमार्ग उलगडतात.

थवा मोजताना दहा किंवा पन्नास पक्ष्यांचा तुकडा नजरेत बसवा आणि तेवढे तुकडे मोजा. थव्यातले तीस पक्षी नीट ओळखले आणि बाकीचे दूर असतील, तर बाकीचे ‘स्टिंट, प्रजाती अनिश्चित’ म्हणून लिहा. सगळ्यांना लिटल स्टिंट लिहून टाकल्यावर आकडा मोठा दिसतो, पण पुढे तुलना करणाऱ्याला तो निरुपयोगी ठरतो.

किती जवळ जायचे

चरणाऱ्या पक्ष्याने मान उंचावली, चरणे थांबवले किंवा साद घालत दोन पावले सरकला, तर तुम्ही पुरेसे जवळ आला आहात. तिथेच थांबा, बसा, पाच मिनिटे हलू नका. भरतीच्या विसाव्यावरचा थवा उठवू नये. तिथे पक्षी पुढच्या उड्डाणासाठी चरबी साठवत असतात, आणि ती उड्डाणे लहान नसतात: 2022 मध्ये उपग्रह ट्रान्समीटर लावलेल्या एका तरुण बार-टेल्ड गॉडविट या किनारपक्ष्याने अलास्काहून टास्मानियापर्यंत 13,560 किलोमीटर न थांबता पार केले, सुमारे 11 दिवसांत. स्टिंट त्याच्या तुलनेत चिमुकला, साधारण 20 ते 40 ग्रॅमचा, तरी टुंड्रापासून दक्षिणेकडचा लांबचा प्रवास त्यालाही करायचा असतो. विसाव्यात पुन्हा पुन्हा उठवलेल्या थव्याची साठवलेली चरबी जागच्या जागीच खर्च होते, आणि फोटोत मात्र फक्त पाठमोरे, दूर जाणारे ठिपके उरतात.